पासष्टीपुढच्या पेशंटची भूल-तपासणी: राजारामपुरीतल्या एका ओपीडीचं परीक्षण

कोल्हापुरात म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन ठरलं की पहिलं वाक्य ऐकू येतं ते "फिटनेस घेऊन या". मग फिजिशियनकडे जायचं, ईसीजी, छातीचा फोटो, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ताच्या चार नळ्या, आणि शेवटी 'फिट फॉर सर्जरी' असा शिक्का. प्रत्यक्ष भूल देणारे डॉक्टर पेशंटला पहिल्यांदा बघतात ते ऑपरेशनच्या आदल्या रात्री, नाहीतर थेट टेबलावर. राजारामपुरीतल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयाने मात्र भुलीच्या डॉक्टरांची वेगळी ओपीडी ठेवली आहे. गुडघा किंवा खुबा बदलणं, हर्निया, प्रोस्टेट, पित्ताशय अशा ठरवून करायच्या ऑपरेशनचे ६५ वर्षांवरचे पेशंट इथे शस्त्रक्रियेच्या दहा-पंधरा दिवस आधी तपासले जातात. नाव देत नाही, कारण पुढे काही उणिवा सांगायच्या आहेत आणि त्या फक्त याच रुग्णालयात आहेत असं नाही. भूलशास्त्रात रोज काम करणाऱ्यांच्या नजरेतून हा आढावा आहे. पाचपैकी साडेतीन.

सुरुवात आवडलेल्या गोष्टीपासून. पेशंट आत आला की आधी फाइल मागत नाहीत, गोळ्यांची पिशवी मागतात आणि ती टेबलावर ओतायला लावतात. स्टीलच्या ट्रेमध्ये अर्धवट कापलेल्या पट्ट्या, नाव फाटून गेलेली पाकिटं, मुलीने मुंबईहून आणलेली गोळी, गावातल्या डॉक्टरांची पांढरी पुडी, सगळं दिसतं. 'काय चालू आहे?' असं तोंडी विचारलं तर उत्तर येतं, "बीपीची एक आन् शुगरची एक." ट्रेमध्ये मात्र बीपीची एकच टेल्मिसार्टन दोन कंपन्यांच्या नावाने निघते, कारण दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असते आणि आजोबा दोन्ही घेत असतात. हे टेबलावर पडल्याशिवाय कळत नाही.

या ट्रेमधून ज्या गोष्टी शोधायच्या त्या इथे नीट शोधतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या वर्गातली गोळी ऑपरेशनच्या सकाळी बंद. रात्री घेणारा असेल तर आदल्या रात्रीची बंद. नाहीतर भूल दिल्यावर बीपी असं कोसळतं की नेहमीच्या औषधांना लवकर दाद देत नाही. याउलट नाडी संथ ठेवणारी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर ती सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच, अचानक तोडली तर नाडी पळते आणि हृदयावर ताण येतो. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन चालते. कोलेस्टेरॉलची गोळी चालते. शुगरच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या त्या सकाळी नकोत.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत. लघवीवाटे साखर बाहेर काढणारी ही औषधं ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवावी लागतात. न थांबवता उपाशी ठेवलं तर रक्तात आम्ल वाढतं, आणि शुगर दीडशे-दोनशेच दिसत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. आता ही औषधं मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत येतात, त्यामुळे घरच्यांना ती 'नेहमीची शुगरची गोळी' वाटते. या ओपीडीत त्या पट्टीवर लाल पेनाने थेट तारीख लिहितात, 'या तारखेपासून बंद'. कागदावर लिहिण्यापेक्षा पट्टीवर लिहिणं कितीतरी उपयोगाचं. कागद हरवतो, पट्टी रोज हातात येते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलही इथली पद्धत बरोबर आहे. क्लोपिडोग्रेल चालू असताना कमरेतून मणक्यात भुलीचं इंजेक्शन द्यायचं असेल तर ५ ते ७ दिवस आधी ती थांबवायची, अ‍ॅपिक्साबॅन किंवा रिव्हॅरोक्साबॅन ७२ तास आधी, वॉरफॅरिन ५ दिवस आधी आणि वर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) तपासून. नाहीतर मणक्यात रक्ताची गाठ होऊन पाय कायमचे जाऊ शकतात. नुसत्या अ‍ॅस्पिरिनसाठी कमरेतली भूल नाकारायचं कारण नाही. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर यातली एकही गोळी घरच्यांनी आपल्या मनाने थांबवू नये. इथे त्याच वेळी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावून तारीख ठरवतात, पेशंटला चिठ्ठी देऊन परत हेलपाटा घालायला लावत नाहीत. गगनबावड्याहून किंवा चंदगडहून आलेल्या माणसासाठी हा एक फोन म्हणजे पूर्ण दिवसाची सुटका आहे.

सांधेदुखीच्या पुडीची चौकशीही होते. गावागावांत मिळणाऱ्या बिननावाच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. वर्ष-दोन वर्षं ती घेतलेल्या माणसाचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं जवळजवळ थांबवतं. मग टेबलावर कारण न सापडता बीपी खाली जातं आणि हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिल्यावरच वर येतं. सुजलेला चेहरा, कातडीवर निळे डाग, कागदासारखी पातळ त्वचा दिसली की पुडीबद्दल विचारायलाच हवं, आणि "औषध घेता का?" असं न विचारता "गुडघ्याला पुडी कुठली घेता?" असं विचारायला हवं. इथल्या डॉक्टरांना हा फरक माहीत आहे.

आता दम लागण्याबद्दलचा प्रश्न. पुस्तकातला प्रश्न असतो दोन जिने न थांबता चढता येतात का. राधानगरीकडच्या आजींना तो विचारला तर त्या म्हणतात, "घरात जिना हाय कुठं आमच्या?" आणि फॉर्मवर 'माहिती उपलब्ध नाही' असं जातं. इथे विचारतात ते असं: "आजी, भरलेली कळशी आणता का? रानात भांगलायला जाता का? जोतिबाला गेला तर परत वर येताना पायऱ्यांवर किती वेळा टेकता?" एका आजींचं उत्तर होतं, "गेल्या दिवाळीपातूर भांगलत होते, आता वट्यावरनं उतरलं तरी छातीत धडधडतंय." या एका वाक्यात इको करायचं कारण आहे. दमाबरोबर स्टेथोस्कोपने छातीत खरखरीत आवाज आला तर महाधमनीची झडप आकसलेली असू शकते, आणि अशा पेशंटला कमरेतून एकदम पूर्ण डोसची भूल दिली तर बीपी सावरता येत नाही. उलट जो माणूस रोज पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत जाऊन येतो, ज्याची छाती स्वच्छ आहे, त्याचं फक्त वय ७६ आहे म्हणून इको मागायची गरज नसते. इथे मागत नाहीत. बाहेर बहुतेक ठिकाणी मागतात.

खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात तेही मोजतात. १२ सेकंदांच्या वर गेलं तर पडण्याचा धोका धरायचा. याला ना मशीन लागतं ना पैसे. अशक्तपणाची नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टीही वापरतात: १ म्हणजे ठणठणीत, ५ म्हणजे बाजारहाट, पैशाचे व्यवहार यात दुसऱ्याची मदत लागते, ७ म्हणजे आंघोळ-कपड्यांसाठीही दुसरा माणूस पाहिजे. ८५ वर्षांचा तिसऱ्या पायरीवरचा माणूस ७० वर्षांच्या सहाव्या पायरीवरच्या माणसापेक्षा ऑपरेशन चांगलं झेपवतो, हे घरच्यांना समजावून सांगायला ही पट्टी फार कामाची आहे.

किडनीचा हिशेब इथे रिपोर्टवरच करून ठेवतात, आणि हा भाग जवळून बघण्यासारखा आहे. ८० वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा पदार्थ) १.०. लॅबच्या कागदावर हा आकडा काळ्या शाईत, म्हणजे नॉर्मल. पण १४० मधून वय वजा करा, उरले ६०. त्याला वजनाने गुणा, २७००. ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, ३७.५, बाई असल्यामुळे ०.८५ ने गुणा. उत्तर मिनिटाला ३२ मिलीलीटरच्या आसपास. तरुण माणसाच्या साधारण एक तृतीयांश. स्नायूच कमी असल्यामुळे क्रिएटिनिन तयार कमी होतं आणि किडनी चांगली असल्याचा भास होतो. या आजींना ऑपरेशननंतर सवयीने दुखणं थांबवणारं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं तर दोन दिवसांत लघवी कमी होते. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं एनॉक्सापॅरिन, सगळ्यांचा डोस याच आकड्यावर बदलतो. पॅरासिटामॉलसुद्धा ४० किलोच्या माणसाला सरसकट १ ग्रॅम नाही, किलोला १५ मिलीग्रॅम म्हणजे ६००. म्हणून इथे वजन विचारत नाहीत, काट्यावर उभं करून घेतात.

मेंदूची तपासणी तीन मिनिटांची. तीन साधे शब्द सांगायचे, घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवायला लावायचे, मग ते तीन शब्द परत विचारायचे. लिहिता न येणाऱ्यांना घड्याळाचं चित्र अवघड जातं, तेव्हा घरच्यांना विचारतात की अलीकडे दिवस-वार विसरतात का, रात्री-अपरात्री उठून बसतात का. ऑपरेशननंतर भ्रम (जागेचं, वेळेचं भान सुटणं) होण्याचा धोका कुणाला जास्त, हे यातूनच आधी कळतं. तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, कवळी पूर्ण की अर्धी, मिश्रीने हिरड्या सुटून कुठला दात हलतोय, हेही बघतात. तारेच्या हुकाची एक-दोन दातांची कवळी सगळ्यात धोक्याची, घशात उतरू शकते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल आणि पुढे मोतीबिंदूही काढायचा असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा असं बजावतात, कारण त्या गोळीने बाहुलीचा पडदा ढिला पडतो आणि गोळी थांबवली तरी तो परिणाम राहू शकतो.

"साहेब, पूर्ण भूल नको, कमरेत द्या" असं जवळजवळ प्रत्येक घरचा माणूस म्हणतो. इथले डॉक्टर त्यावर प्रामाणिक उत्तर देतात. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही प्रकारच्या भुलींची तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. भ्रम होण्याच्या प्रमाणात त्यांत दोन्ही भुलींमध्ये फरक दिसला नाही, आणि त्यातल्या एकीत ६० दिवसांनंतरच्या मृत्यूत किंवा चालता येण्यातही दिसला नाही. म्हणजे कुठली भूल यापेक्षा ती कशी दिली जाते याला महत्त्व. छातीचा जुना आजार असेल तर कमरेतली बरी, झडप आकसलेली असेल किंवा रक्त पातळ असेल तर दुसरा रस्ता. हे सांगायला दहा मिनिटं लागतात आणि ती इथे दिली जातात. संमतीपत्र मराठीत आहे, अक्षर मोठं आहे. आजोबांना ऐकू कमी येत असेल तर डॉक्टर मुलाकडे तोंड करून बोलत नाहीत, मास्क खाली घेऊन आजोबांकडे बघून बोलतात.

ऑपरेशन थिएटरमधलं काम चांगलं आहे. कमरेतल्या भुलीचं औषध म्हणजे ०.५ टक्के हेवी ब्युपिव्हाकेन, त्याची ४ मिलीलीटरची अँप्यूल असते. तरुणाला ३ मिलीलीटर लागेल तिथे म्हाताऱ्या माणसाला दीड ते दोन पुरतात, कारण औषध मणक्यात जास्त वर चढतं. मणक्याचे बंध कडक झालेले असतात, सुई मधून जात नाही, तेव्हा थोडं बाजूने जातात. मोडक्या खुब्याच्या पेशंटला बसवण्याआधी जांघेजवळच्या नसेला सुन्न करतात, नाहीतर नुसतं बसवतानाच जीव कासावीस होतो. बीपी सावरायला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावत नाहीत. ताठरलेल्या हृदयाला ते पाणी पेलत नाही आणि संध्याकाळी फुप्फुसात उतरतं. त्याऐवजी बीपी वाढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनचं सिरिंज आधीच भरून ठेवतात.

पूर्ण भूल असेल तर झोपवणारं प्रोपोफॉल तरुणाला किलोला २ मिलीग्रॅम लागतं, ऐंशीच्या माणसाला १ च्या आसपास, तेही सावकाश. रक्ताभिसरण मंद असल्यामुळे औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. 'अजून झोपले नाहीत' म्हणून घाईने दुसरा डोस दिला की दोन्ही एकदम लागू पडतात आणि वरचं बीपी ७० पर्यंत खाली येतं. वाफेच्या भुलीची गरजही चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे ६ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऐंशीला जवळपास पाव हिस्सा कमी. गरम हवेचं पांघरूण इथे आहे आणि ते खरोखर वापरतात. अंग ३६ अंशांच्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, जखम चिघळते, हुडहुडीने ऑक्सिजनची गरज दुप्पट-तिप्पट होते.

एवढं सगळं चांगलं असताना दीड गुण गेला कुठे? वॉर्डात.

ओपीडीचा कागद उत्तम भरलेला असतो, पण रात्री तो फाइलच्या मागच्या बाजूला जातो आणि वॉर्ड आपल्या जुन्या सवयीने चालतो. पहिली चूक उपाशी ठेवण्याची. ओपीडीत सांगतात की मटण-तळण ऑपरेशनच्या ८ तास आधीपर्यंत, हलकं खाणं आणि दूध ६ तास, साधं पाणी किंवा दूध न घातलेला चहा २ तास आधीपर्यंत. दूध पातळ दिसलं तरी पोटात गेल्यावर त्याचं दही होतं, म्हणून गंगावेशीतलं ताजं म्हशीचं दूध असो की पाणी घातलेलं पिशवीचं, दोघांना ६ तास. हे लिहून दिलेलं असतानाही वॉर्डातल्या सिस्टर रात्री दहाला "आता पाणीसुद्धा नाही" म्हणून तांब्या उचलतात. यादी लांबली की आजोबांचं ऑपरेशन दुपारी एकला. पंधरा तास कोरडं अंग, त्यावर भूल, बीपी पडणारच. भ्रमाचं एक मोठं कारण हेच. म्हाताऱ्यांना यादीत पहिलं घ्यावं आणि पाण्याची वेळ घड्याळाच्या आकड्यात खाटेवर लिहावी. फुकटात होणारं काम आहे.

दुसरी चूक जास्त गंभीर. "रात्री झोप नाही, बडबडतायत" असा फोन गेला की झोपेचं मिडॅझोलाम किंवा अ‍ॅलर्जीवरचं फेनिरामाइन, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं एव्हिल, दिलं जातं. म्हाताऱ्या मेंदूला भ्रमात ढकलणारी हीच औषधं. आधी बघायला हवं ते ओटीपोट: लघवी अडकून फुगलंय का? मग वेदना, सोडियम, ऑक्सिजन, ताप, पोट साफ झालंय का, आणि रोजची मिश्री किंवा तंबाखू अचानक बंद झाली आहे का. ओपीडीच्या कागदावर 'ही औषधं टाळा' असं छापलेलं आहे, पण रात्रपाळीच्या डॉक्टरांपर्यंत ते पोचत नाही. बडबडणारा पेशंट निदान दिसतो तरी. गप्प पडून राहणारा, जेवण नाकारणारा, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटणारा भ्रम कुणाच्या लक्षातच येत नाही. सगळे म्हणतात, दमलेत, झोपू दे.

चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी ऑपरेशन थिएटरच्या दारात काढून घेतात, रुमालात बांधून नातेवाइकांकडे देतात, आणि नातेवाईक ते पिशवीत घालून घरी पाठवतात. शुद्धीवर आलेल्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोललेलं दुसऱ्याला कळत नाही. रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत, पंधरा मिनिटांच्या आत या तीन वस्तू परत मिळायला हव्यात. इथे त्यासाठी नावाची डबी किंवा जबाबदार माणूस नाही.

बीपीवरून ऑपरेशन रद्द करण्याचं प्रमाण मात्र इथे कमी आहे, हे नोंदवायला हवं. त्या सकाळी भीतीने १६० किंवा १७० झालं तर परत पाठवत नाहीत. वरचं बीपी १८० च्या आणि खालचं ११० च्या आत असेल तर पुढे जातात. खुब्याच्या फ्रॅक्चरला तर ही पंधरा दिवसांची ओपीडी लागूच नाही. तो पेशंट ४८ तासांच्या आत टेबलावर जायला हवा, आणि इकोची तारीख मिळत नाही म्हणून त्याला चार दिवस पायाला वजन लावून पाडून ठेवणं हे नुकसानच. इथे खाटेवरच तपासणी करून दुसऱ्या दिवशी घेतात. रविवारी मात्र थांबावं लागतं.

फी फिजिशियनच्या एका भेटीएवढी. आयुष्मान कार्डावर ऑपरेशन करणार असाल तर आधी विचारून घ्या. पॅकेजमध्ये भरतीआधीचे फक्त ३ दिवस धरतात, त्यामुळे दहा-पंधरा दिवस आधीची ही तपासणी खिशातून करावी लागू शकते. तरीही ती आधीच करावी, कारण डापाग्लिफ्लोझिन आणि क्लोपिडोग्रेलची तारीख भरती झाल्यावर कळून उपयोग नसतो.

जाताना सगळ्या गोळ्या मूळ पट्ट्यांसकट न्या, पुड्याही न्या, आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड न्या. सोबत तो माणूस पाठवा जो पेशंटजवळ रात्री राहणार आहे. गाडी चालवून आणणारा नातू नव्हे. ओपीडीतून निघताना कागदाची झेरॉक्स काढून घ्या, पाण्याची वेळ आणि टाळायची औषधं यांवर पेनाने गोल करा, आणि भरतीच्या रात्री ती झेरॉक्स रात्रपाळीच्या सिस्टरांच्या हातात द्या.